एलिप्टिक वक्रावरची प्रिन्सिपल बंडलं आणि त्यांची मॉड्युली स्पेस: नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने वाट

या विषयाचं मुख्य प्रमेय दोन ओळींत मावतं. एक एलिप्टिक वक्र घ्या आणि एक सिंपल, सिम्प्ली कनेक्टेड ग्रुप घ्या. प्रिन्सिपल बंडल म्हणजे वक्राच्या प्रत्येक बिंदूवर ग्रुपची एक प्रत, आणि मॉड्युली स्पेस म्हणजे अशा बंडलांचा भूमितीय नकाशा. त्या वक्रावरच्या सेमीस्टेबल प्रिन्सिपल बंडलांची मॉड्युली स्पेस म्हणजे एक वेटेड प्रोजेक्टिव्ह स्पेस (स्केल करताना जिचा प्रत्येक निर्देशांक आपल्या वेटएवढ्या घाताने गुणला जातो), आणि तिची वेट्स त्या ग्रुपच्या डिंकिन आकृतीवरून वाचता येतात. याच्या मुळाशी असलेलं रूट सिस्टीमचं प्रमेय लोयेंगा यांनी १९७६ मध्ये आणि बर्नस्टाइन व श्वार्ट्समन यांनी १९७८ मध्ये दिलं. पुढे १९९७-९८ मध्ये फ्रीडमन, मॉर्गन आणि विटन यांनी ते स्ट्रिंग थिअरीच्या गरजेपोटी नव्याने मांडलं.

प्रमेय इतकं सुटसुटीत असूनही नवा माणूस यात हमखास गोंधळतो. कारण एकच वस्तू तीन वेगवेगळ्या बोलींत लिहिलेली सापडते. बैजिक भूमितीवाले व्हेक्टर बंडल आणि एक्स्टेन्शन यांच्या भाषेत बोलतात, ली ग्रुपवाले टोरस आणि वाइल ग्रुपच्या, तर गेज थिअरीवाले सपाट कनेक्शन आणि कम्यूट होणाऱ्या जोड्यांच्या. तिन्ही बोली वेगवेगळे प्रतिनिधी निवडतात आणि ते कुणी सांगत नाही. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम हाताने करायच्या उदाहरणांपासून सामान्य सिद्धांताकडे जातो. उलट दिशेने गेलात तर व्याख्या पाठ होतील, पण स्पेसमधला एक बिंदू म्हणजे नेमकं काय, हे सांगता येणार नाही.

आधी जवळ काय असावं

- लाइन बंडल, डिग्री, रीमान–रोख आणि सेर ड्युअलिटी. एलिप्टिक वक्राची जीनस १ असल्यामुळे रीमान–रोख फार सोपं होतं: एच-शून्य वजा एच-एक म्हणजे थेट डिग्री. हे सूत्र जिभेवर हवं.
- रूट, कोरूट, वाइल ग्रुप आणि एक्स्टेंडेड डिंकिन आकृती. रूट आणि कोरूट यांतला फरक पक्का असू द्या, पाचव्या पायरीवर तोच घात करतो.
- मॅक्सिमल टोरस, बोरेल आणि पॅराबोलिक सबग्रुप म्हणजे काय, एवढं.
- कागद आणि पेन्सिल. मोठ्या रूट सिस्टीमसाठी सेजमॅथ उपयोगी पडतं, त्यात कोरूटची गणितं तयार मिळतात.

स्टॅकची, म्हणजे ऑटोमॉर्फिझमचीही नोंद ठेवणाऱ्या मॉड्युलीची, भाषा सुरुवातीला लागत नाही. ती शेवटी नक्की शिका, पण पहिल्या आठवड्यांत तिच्या मागे लागू नका.

खुणा अशा: वक्र क, त्याचा शून्यबिंदू ० आणि समीकरण य^२ = क्ष^३ + अ·क्ष + ब. ग्रुप ग. ट्रिव्हियल लाइन बंडल ओ. वक्रावरच्या प या बिंदूपासून मिळणारं शून्य डिग्रीचं लाइन बंडल, म्हणजे ओ(प − ०), याला ल(प) म्हणू. सगळं काम कॉम्प्लेक्स संख्यांवर.

१. अटियांची यादी समजून घ्या

प ला ल(प) जोडलं की वक्राचे बिंदू आणि शून्य डिग्रीची लाइन बंडलं यांची एकास एक जोडी लागते, बेरजेसकट. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

१९५७ मध्ये मायकेल अटिया यांनी एलिप्टिक वक्रावरच्या सगळ्या व्हेक्टर बंडलांचं वर्गीकरण केलं. त्यातलं आपल्याला लागणारं एवढंच: प्रत्येक रँक आर साठी शून्य डिग्रीचं, न फुटणारं (लहान बंडलांच्या ⊕ बेरजेत न मांडता येणारं) आणि शून्येतर सेक्शन असलेलं नेमकं एक बंडल असतं. त्याला फ(आर) म्हणू. फ(१) म्हणजे ओ. फ(२) हे ओ चं ओ नेच केलेलं, न फुटणारं एक्स्टेन्शन, म्हणजे आतलं उप-बंडल ओ आणि त्याने भागल्यावर उरतं तेही ओ. शून्य डिग्रीचं कुठलंही न फुटणारं बंडल फ(आर) आणि एखादं ल(प) यांचा टेन्सर गुणाकार असतं.

जीनस ० वर, म्हणजे प्रोजेक्टिव्ह रेषेवर, त्याच वर्षी ग्रोथेंडिक यांनी दाखवलं की रिडक्टिव्ह ग्रुपचं प्रत्येक प्रिन्सिपल बंडल टोरसपर्यंत उतरतं. तिथे सुटे बिंदूच मिळतात. जीनस २ आणि पुढे मॉड्युली स्पेस एवढी गुंतागुंतीची होते की तिचं संपूर्ण वर्णन क्वचितच हाती लागतं. एलिप्टिक वक्र या दोहोंच्या मधोमध आहे. इथे खरोखरची सतत बदलणारी कुटुंबं आहेत आणि तरीही शेवटपर्यंत सगळं लिहून काढता येतं. या विषयाचं मला वाटणारं सगळ्यात मोठं आकर्षण हेच.

२. एसएल(२) स्वतः करा

एसएल(२) चं बंडल म्हणजे रँक २ चं आणि ट्रिव्हियल डिटर्मिनंट असलेलं व्हेक्टर बंडल. सेमीस्टेबल असेल, म्हणजे त्यातल्या कुठल्याही उप-लाइन बंडलाची डिग्री शून्याहून जास्त नसेल, तर ते साधारणपणे ल(प) ⊕ ल(−प) असं दिसतं. प आणि −प यांची अदलाबदल केली तरी बंडल तेच राहतं. म्हणजे मॉड्युली स्पेस ही क भागिले ±१. प आणि −प यांचा क्ष निर्देशांक एकच असतो, म्हणून ही स्पेस म्हणजे क्ष ची प्रोजेक्टिव्ह रेषा. एवढ्यात पहिलं उदाहरण झालं.

आता घाई न करता चार खास बिंदू पाहा. जिथे प आणि −प एकच असतात, म्हणजे प हा २-टॉर्शन बिंदू, तिथे दोन वेगवेगळी बंडलं एकाच बिंदूवर येऊन बसतात: एक ल(प) ⊕ ल(प), दुसरं फ(२) ⊗ ल(प). ती आयसोमॉर्फिक नाहीत. मॉड्युली स्पेसला मात्र त्यांतला फरक दिसत नाही, कारण दुसरं बंडल एका सतत कुटुंबात हवं तितकं पहिल्याकडे झुकवता येतं. याला एस-इक्विव्हॅलन्स म्हणतात.

सापळा: मॉड्युली स्पेसचा बिंदू म्हणजे बंडलाचा आयसोमॉर्फिझम क्लास, असं धरून चालू नका. तो एस-इक्विव्हॅलन्सचा क्लास असतो. बहुतेक बिंदूंवर दोन्ही एकच असतात, म्हणून ही चूक बराच काळ लपून राहते.

३. एसएल(३): इथे थांबा, घाई करू नका

माझ्या मते सगळ्या विषयाचं सार या उदाहरणात आहे. इथे दोन दिवस गेले तरी चालतील.

एसएल(३) चं सेमीस्टेबल बंडल म्हणजे एस-इक्विव्हॅलन्सपुरतं ल(प) ⊕ ल(म) ⊕ ल(भ), आणि डिटर्मिनंट ट्रिव्हियल असल्यामुळे प + म + भ = ०. वक्र प्रतलात घनवक्र म्हणून बसवला की बेरीज शून्य असलेले तीन बिंदू म्हणजे एका रेषेवरचे तीन बिंदू. तेव्हा एसएल(३) ची मॉड्युली स्पेस म्हणजे प्रतलातल्या सगळ्या रेषांची स्पेस. रेषेचं समीकरण आ(०) + आ(२)·क्ष + आ(३)·य = ० असं लिहा. शून्यबिंदूपाशी क्ष चा पोल २ ऑर्डरचा आणि य चा ३ ऑर्डरचा असतो, म्हणून सहगुणकांना हे आकडे दिले आहेत. तीन सहगुणक, एकत्र स्केल करायची मोकळीक: उत्तर प्रोजेक्टिव्ह प्रतल.

आ(३) शून्य असेल तर रेषा उभी होते. ती वक्राला ०, प आणि −प इथे कापते आणि बंडल ओ ⊕ ल(प) ⊕ ल(−प) होतं. फक्त आ(०) उरला तर ती अनंतावरची रेषा, आणि तिन्ही बिंदू ० वर येतात.

आता प्रत्येक रेषेवर किती आयसोमॉर्फिझम क्लास बसतात ते मोजा. रेषा तीन वेगळ्या बिंदूंत कापत असेल तर एकच. रेषा प पाशी स्पर्श करून भ मध्ये कापत असेल तर दोन: ल(प) ⊕ ल(प) ⊕ ल(भ) आणि (फ(२) ⊗ ल(प)) ⊕ ल(भ). रेषा इन्फ्लेक्शन बिंदूवरची स्पर्शिका असेल, म्हणजे प हा ३-टॉर्शन बिंदू असेल, तर तीन: ल(प) तीनदा, किंवा फ(२) ⊗ ल(प) आणि सोबत ल(प), किंवा फ(३) ⊗ ल(प). असे इन्फ्लेक्शन बिंदू नऊ.

स्पर्शिकांचा मिळून रेषांच्या प्रतलात एक वक्र बनतो. तो ६ डिग्रीचा असून त्याला ९ कस्प असतात. म्हणजे प्रतलभर सगळीकडे एक क्लास, या षष्ठवक्रावर दोन, आणि त्याच्या नऊ टोकदार बिंदूंवर तीन. हे चित्र एकदा डोळ्यांपुढे उभं राहिलं की सामान्य ग्रुपसाठी डिस्क्रिमिनंट हा शब्द आला तरी बिचकायला होत नाही.

याच ठिकाणी ऑटोमॉर्फिझमची मिती काढा. ट्रिव्हियल बंडलाची ८. ओ ⊕ फ(२) ची: ओ ते ओ एक, ओ ते फ(२) एक, फ(२) ते ओ एक, फ(२) ते फ(२) दोन, मिळून पाच, डिटर्मिनंटची अट एक काढते, राहिले ४. फ(३) ची ३ वजा १, म्हणजे २. हे ८, ४, २ आकडे तुम्हाला ओळखीचे वाटतील: एसएल(३) च्या ली अल्जिब्रातल्या निलपोटंट मॅट्रिक्सच्या सेंट्रलायझरच्या मिती अगदी याच आहेत. त्यामागचं कारण स्वतः शोधा. फ(३) ची रचना निलपोटंट जॉर्डन ब्लॉकसारखी का आहे ते त्यातून उलगडतं.

४. सामान्य ग्रुपकडे वळा, पण व्याख्येपाशी सांभाळून

प्रिन्सिपल बंडलासाठी सेमीस्टेबलची व्याख्या ए. रामनाथन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झालेलं हे काम. मॉड्युली स्पेसच्या रचनेवरचा त्यांचा प्रबंध त्यांच्या निधनानंतर १९९६ मध्ये छापला गेला. मूळ व्याख्या पॅराबोलिक सबग्रुपपर्यंतच्या रिडक्शनच्या डिग्रीवर आहे. कॅरॅक्टरिस्टिक शून्य असताना तुम्हाला एक सोपा पर्याय आहे: ॲडजॉइंट व्हेक्टर बंडल (ग्रुपच्या ली अल्जिब्रापासून बनणारं) सेमीस्टेबल असेल तर प्रिन्सिपल बंडल सेमीस्टेबल. सुरुवातीला हाच पर्याय वापरा.

इथून पुढे ग सिंपल आणि सिम्प्ली कनेक्टेड धरू. अशा ग्रुपसाठी प्रत्येक सेमीस्टेबल बंडल एस-इक्विव्हॅलन्सपुरतं मॅक्सिमल टोरसच्या शून्य डिग्रीच्या बंडलापर्यंत उतरतं. टोरस म्हणजे कोरूट लॅटिस ⊗ शून्येतर कॉम्प्लेक्स संख्या. त्यामुळे टोरसचं शून्य डिग्रीचं बंडल म्हणजे कोरूट लॅटिस ⊗ क मधला एक बिंदू. कुठला टोरस निवडला याची मोकळीक वाइल ग्रुप खाऊन टाकतो. म्हणून:

मॉड्युली स्पेस = (क ⊗ कोरूट लॅटिस) भागिले वाइल ग्रुप.

एसएल(३) ला हे लावून पाहा: बेरीज शून्य असलेले तीन बिंदू आणि त्यांची अदलाबदल. तिसऱ्या पायरीवर जे केलं ते हेच.

सापळा, मितीचा: जीनस जी असेल तर मॉड्युलीची मिती (जी − १) गुणिले ग्रुपची मिती, हे सूत्र पुष्कळांच्या डोक्यात बसलेलं असतं. जीनस १ ला ते शून्य सांगतं, प्रत्यक्षात मात्र मिती ग्रुपच्या रँकएवढी निघते. दोन्ही खरं आहे. ॲडजॉइंट बंडलाची डिग्री शून्य असल्यामुळे रीमान–रोख सांगतं की डिफॉर्मेशनची मिती आणि ऑटोमॉर्फिझमची मिती सारखीच. प्रत्येक सेमीस्टेबल बंडलाला किमान रँकएवढ्या मितीचे ऑटोमॉर्फिझम असतात. स्टॅक ते वजा करतो आणि शून्यावर येतो. कोर्स मॉड्युली स्पेस, म्हणजे आपण आतापर्यंत पाहत आलेली मॉड्युली स्पेस, वजा करत नाही. यावरून हेही कळतं की सिम्प्ली कनेक्टेड ग्रुपचं स्टेबल (सेमीस्टेबलच्या अटीत बरोबरीलाही वाव नसलेलं) बंडल एलिप्टिक वक्रावर असूच शकत नाही. ते शोधण्यात वेळ घालवू नका.

सापळा, प्रतिनिधीचा: प्रत्येक एस-इक्विव्हॅलन्स क्लासमध्ये दोन मानाचे प्रतिनिधी असतात. एक पॉलीस्टेबल, म्हणजे टोरसपर्यंत पूर्ण उतरणारा. त्याच्यावर सपाट युनिटरी कनेक्शन असतं. दुसरा रेग्युलर, म्हणजे ज्याच्या ऑटोमॉर्फिझमची मिती नेमकी रँकएवढी असते. शून्यबिंदूवर एसएल(३) चा पॉलीस्टेबल प्रतिनिधी ओ ⊕ ओ ⊕ ओ, रेग्युलर प्रतिनिधी फ(३). गेज थिअरीचे लेख पहिला धरतात, बैजिक भूमितीचे लेख बहुधा दुसरा, कारण कुटुंबात नीट बसतो तो रेग्युलर. कुठलाही लेख हातात घेतला की आधी समासात लिहा: इथे कोणता प्रतिनिधी?

५. वेट्स काढा आणि पडताळा

लोयेंगांचं प्रमेय म्हणतं की वरचा भागाकार म्हणजे वेटेड प्रोजेक्टिव्ह स्पेस. वेट्स अशी मिळतात: सर्वांत मोठ्या रूटचा कोरूट साध्या कोरूटच्या बेरजेत लिहा, त्यातले सहगुणक घ्या आणि एक्स्टेंडेड शिरोबिंदूसाठी आणखी एक १ जोडा.

- एसएल(एन): सगळी १, एकूण एन. साधी प्रोजेक्टिव्ह स्पेस.
- एसपी(२एन): सगळी १, एकूण एन + १.
- स्पिन(७): १, १, १, २
- जी-२: १, १, २
- एफ-४: १, १, २, २, ३
- ई-६: १, १, १, २, २, २, ३
- ई-७: १, १, २, २, २, ३, ३, ४
- ई-८: १, २, २, ३, ३, ४, ४, ५, ६

पडताळणीसाठी वेट्सची बेरीज करा. ती ड्युअल कॉक्सेटर संख्येएवढी आली पाहिजे: जी-२ साठी ४, एफ-४ साठी ९, ई-६, ई-७, ई-८ साठी अनुक्रमे १२, १८, ३०.

सापळा: रूटचे सहगुणक आणि कोरूटचे सहगुणक यांची अदलाबदल. ए, डी, ई प्रकारांत दोन्ही सारखेच असतात, म्हणून चूक पकडली जात नाही. बी, सी, एफ, जी आले की उत्तर बिघडतं. एसपी(२एन) वर हे तपासता येतं. त्याचं बंडल म्हणजे ल(प) ⊕ ल(−प) अशा एन जोड्या, क्रमाविना. प्रत्येक जोडी म्हणजे क्ष च्या रेषेवरचा एक बिंदू. प्रोजेक्टिव्ह रेषेवरचे क्रमाविना एन बिंदू म्हणजे एन डिग्रीच्या बहुपदाची मुळं, अर्थात एन मितीची साधी प्रोजेक्टिव्ह स्पेस. सगळी वेट्स १. रूटचे सहगुणक घेतले असते तर मध्ये २ आले असते. वेट्सबद्दल शंका आली की याच उदाहरणाकडे परत या.

६. ही वेट्स येतात कुठून: पॅराबोलिक रचना

लोयेंगांची मूळ सिद्धता थीटा फंक्शनमधून जाते. ती वाचा, पण भूमिती हाताला लागते ती फ्रीडमन आणि मॉर्गन यांच्या रचनेतून. एसएल(एन) साठी ती अशी: रँक के चं, ओ(०) (म्हणजे ० या बिंदूपासून मिळणारं १ डिग्रीचं लाइन बंडल) डिटर्मिनंट असलेलं स्टेबल बंडल एकच असतं, त्याला स(के) म्हणा. आता स(एन − डी) चं, स(डी) च्या ड्युअलने केलेलं एक्स्टेन्शन घ्या. अशी एक्स्टेन्शन ज्या कोहोमॉलॉजीत राहतात ते बंडल −एन डिग्रीचं असतं, त्याला सेक्शन नसतात, म्हणून एच-एक ची मिती नेमकी एन. शून्य वगळून स्केलिंगने भागलं की एन − १ मितीची प्रोजेक्टिव्ह स्पेस, आणि तिचा प्रत्येक बिंदू एक रेग्युलर सेमीस्टेबल बंडल देतो.

मनात घोळवण्यासारखी गोष्ट ही की एक्स्टेन्शन फुटलं तर हाती येणारं बंडल अनस्टेबल असतं. एका अनस्टेबल बंडलाला हलवून आजूबाजूची सगळी सेमीस्टेबल बंडलं मिळवायची, ही या रचनेची युक्ती.

डी आणि ई प्रकारांत आकृतीतल्या तीन फांद्यांच्या शिरोबिंदूचा मॅक्सिमल पॅराबोलिक घेतात. त्याचा युनिपोटंट भाग आता कम्यूटेटिव्ह नसतो, थरांचा असतो, आणि स्केलिंग प्रत्येक थरावर वेगळ्या वेटने चालतं. ई-६ मध्ये तीन थर असतात, त्यांच्या एच-एक ची मिती ३, ३, १. म्हणजे वेट १ तीनदा, वेट २ तीनदा, वेट ३ एकदा. वरच्या यादीशी ताडून पाहा.

७. ई-६ ची पडताळणी घनपृष्ठांवरून

ई-६ चं बंडल डोळ्यांसमोर आणणं अवघड, पण त्याची मॉड्युली स्पेस शाळकरी बीजगणिताने मोजता येते. वक्र प्रतलात एफ(क्ष, य, झ) = ० या घन समीकरणाने दिलेला आहे. आता हा वक्र ज्यांच्या ट = ० या छेदात येतो अशी घनपृष्ठं लिहा:

एफ + ट·(वर्ग बहुपद) + ट^२·(रेषीय बहुपद) + ट^३·(स्थिरांक) = ०.

क्ष, य, झ या चलांत वर्ग बहुपदाला ६ सहगुणक, रेषीय बहुपदाला ३, स्थिरांक १. क्ष, य, झ मध्ये ट चे गुणक मिळवून निर्देशांक सरकवायची मोकळीक आहे. त्याने एफ ची तीन आंशिक विकलनं वर्ग बहुपदातून काढून टाकता येतात, उरले ३. मग ट ला स्केल करा: पहिल्या गटाचं वेट १, दुसऱ्याचं २, तिसऱ्याचं ३. एकूण १, १, १, २, २, २, ३. सगळे सहगुणक शून्य असतील तर पृष्ठ म्हणजे वक्रावरचा शंकू, तेवढा वगळायचा.

हा योगायोग नाही. गुळगुळीत घनपृष्ठाच्या पिकार्ड लॅटिसमध्ये कॅनॉनिकल क्लासला लंब असलेला भाग हा ई-६ चा रूट लॅटिस. त्यातला प्रत्येक क्लास वक्रावर उतरवला की शून्य डिग्रीचं लाइन बंडल मिळतं, म्हणजेच क ⊗ लॅटिस मधला बिंदू. पृष्ठावरच्या २७ रेषांना नावं देण्याची मोकळीक म्हणजे वाइल ग्रुप.

८. सिम्प्ली कनेक्टेड नसलेले ग्रुप: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

इथे ग च्या फंडामेंटल ग्रुपमधल्या प्रत्येक घटकासाठी मॉड्युलीचा वेगळा तुकडा असतो, आणि सिम्प्ली कनेक्टेड नसलेल्या ग्रुपची सगळी बंडलं टोरसपर्यंत शून्य डिग्रीने उतरत नाहीत. पीजीएल(२) घ्या. एक तुकडा एसएल(२) च्या रेषेला २-टॉर्शन बिंदूंच्या ग्रुपने भागून मिळतो. दुसरा तुकडा नुसता एक बिंदू: रँक २, डिग्री १ च्या स्टेबल बंडलापासून आलेला. त्याचा ऑटोमॉर्फिझम ग्रुप चार घटकांचा, आणि ॲडजॉइंट बंडल म्हणजे २-टॉर्शनच्या तीन शून्येतर लाइन बंडलांची बेरीज. हे बंडल स्टेबल आहे. चौथ्या पायरीवरचा नकार सिम्प्ली कनेक्टेड ग्रुपपुरता होता, हे विसरू नका.

सपाट कनेक्शनच्या बोलीत हेच असं दिसतं. वक्राचा फंडामेंटल ग्रुप दोन कम्यूट होणाऱ्या घटकांनी बनतो, म्हणून पॉलीस्टेबल बंडल म्हणजे कॉम्पॅक्ट ग्रुपमधली कम्यूट होणारी जोडी. सिम्प्ली कनेक्टेड ग्रुपमध्ये अशी जोडी नेहमी एका टोरसमध्ये मावते. एसओ(३) मध्ये मात्र दोन लंब अक्षांभोवतीची १८० अंशांची भ्रमणं कम्यूट होतात आणि एका टोरसमध्ये मावत नाहीत. तीच एसयू(२) मध्ये नेली तर कम्यूट होत नाहीत, खूण बदलते. आणखी एक इशारा: जोडीसाठी जे खरं ते त्रिकुटासाठी धरू नका. स्पिन(७) आणि जी-२ हे सिम्प्ली कनेक्टेड असूनही त्यांत कम्यूट होणारी अशी त्रिकुटं आहेत जी एका टोरसमध्ये बसत नाहीत. बोरेल, फ्रीडमन आणि मॉर्गन यांनी २००२ मध्ये या सगळ्याचा सविस्तर हिशेब मांडला.

९. वक्र बदलू लागला की

एक वक्र पक्का झाला की पुढचा टप्पा वक्रांच्या कुटुंबाचा. एसएल(एन) मध्ये सहगुणक आ(०), आ(२), आ(३) … आ(एन) हे पोलच्या ऑर्डरनुसार वेगवेगळ्या लाइन बंडलांत राहतात, आणि मॉड्युली स्पेसही कुटुंबभर नीट पसरते. विर्थम्युलर यांच्या १९९२ च्या प्रमेयातही हीच व्यवस्था जॅकोबी फॉर्मच्या रूपात दिसते, ई-८ सोडून सगळ्या रूट सिस्टीमसाठी.

ई-८ का सुटतो ते सातव्या पायरीच्याच पद्धतीने पाहता येतं, आणि ते जरूर करा. इथे घनपृष्ठाऐवजी १ डिग्रीचं डेल पेझो पृष्ठ घ्यायचं: य^२ = क्ष^३ + क्ष·(उ, व मधलं ४ डिग्रीचं बहुपद) + (उ, व मधलं ६ डिग्रीचं बहुपद). उ = ० वर मूळ वक्र हवा, म्हणून व^४ चा सहगुणक अ आणि व^६ चा ब ठरलेला. उरतात पहिल्या बहुपदाचे वेट १ ते ४ चे चार सहगुणक आणि दुसऱ्याचे वेट १ ते ६ चे सहा. व मध्ये उ चा गुणक मिळवायची मोकळीक वेट १ चा एक सहगुणक काढते. राहिले १, २, २, ३, ३, ४, ४, ५, ६. यादी जुळली.

पण दोनपैकी वेट १ चा कोणता सहगुणक काढला ते नीट बघा. सरकवल्यावर पहिला ४अ च्या पटीत बदलतो आणि दुसरा ६ब च्या पटीत. अ शून्य असेल तर पहिला काढता येत नाही, ब शून्य असेल तर दुसरा. गुळगुळीत वक्रासाठी दोन्ही एकाच वेळी शून्य होत नाहीत, म्हणून एका वक्रापुरतं काही अडत नाही. कुटुंबात मात्र जिथे अ आणि ब दोन्ही शून्य होतात, म्हणजे वक्राला कस्प येतो, तिथे एकही सहगुणक निघत नाही आणि रचना मोडते. ई-६ च्या बाबतीत कस्प असलेल्या य^२·झ = क्ष^३ या वक्राची तिन्ही आंशिक विकलनं स्वतंत्रच राहतात, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.